चिलारीची खुर्ची

'निसर्गातून प्रेरणा' हे शब्द ऐकले की माझ्या डोक्यात तिडीक जाते. माझं पोट त्याच शब्दांवर चालतं, तरी जाते. मागे विजापूर रोडवरच्या एका बंगल्यातल्या बाईंनी मला बोलावून घेतलं. त्यांना निसर्गाच्या जवळ नेणारं डायनिंग टेबल हवं होतं. पानाच्या आकाराचं, पण वर सनमायका पाहिजे, कारण लाकडावर आमटीचे डाग पडतात. बोलता बोलता त्यांनी हेही सांगितलं की अंगणातला कडुनिंब पाडायचा आहे, गाडी लावायला अडचण होते. मी म्हटलं, मग त्याचंच टेबल करू की. तर म्हणाल्या, "नको बाई, कडू लाकूड, जेवायचं असतं त्याच्यावर." मी चहा न घेता उठले. त्यांनी नंतर पुण्याहून टेबल मागवलं, असं कळलं. काचेचं.

अक्कलकोट रोडला एका पत्र्याच्या शेडमध्ये मी फर्निचर बनवते. त्यासाठी परराज्यात जाऊन रीतसर शिकले, मग पुण्यात एका कंपनीत प्लायवूडचे वॉर्डरोब काढत बसले, आणि एक दिवस त्या प्लायवूडच्या गोंदाच्या वासानं मळमळायला लागलं तेव्हा राजीनामा देऊन सोलापूरला परत आले. माझं लाकूड एकच, वेडी बाभूळ. आमच्याकडे तिला चिलार म्हणतात. रुळांच्या कडेला, ओढ्यात, पडीक जमिनीत, जिथे काहीच येत नाही तिथे ही येते. कुणी लावत नाही, पाणी घालत नाही, तोडली तर रडत नाही. तोडली की दुप्पट जोमानं वर येते. सागवान तोडून त्यावर 'पर्यावरणपूरक' असं लिहिण्यापेक्षा मला हा उद्योग प्रामाणिक वाटतो.

पण लाकूड महाखट. सरळ फळी म्हणून निघत नाही. काटे असे की चपलेतून आरपार जातात. माझ्याबरोबर काम करणारे सुतारचाचा पहिल्या दिवशी करवत खाली ठेवून म्हणाले होते, "ये लकडी नै बेटा, सजा है." म्हणून मी सरळ करायचा नादच सोडला. फांदी जशी वाकली असेल तसा पाय, तसा हात. झाडाला जिथे दोन फांद्या फुटतात तिथे आतले तंतू एकमेकांत असे विणलेले असतात की तसा जोड जगात कुठल्या स्क्रूला जमत नाही. त्या दुबेळक्याची मी खुर्चीची पाठ करते. खालून मागचा पाय म्हणून एकच फांदी वर येते आणि कमरेपाशी फुटून दोन होते. बैठक विणते टॉवेलच्या कारखान्यातून फेकून दिलेल्या किनारींनी. साल पूर्ण काढायची, नाहीतर भुंगा लागतो. सावलीत वाळवायची, मग जवसाचं तेल पाजायचं. लाकूड आतून गडद तपकिरी निघतं, इतकं देखणं की पहिल्यांदा रंधा मारला तेव्हा मी एकटीच शेडमध्ये हसत बसले होते.

हे सगळं माझ्या वडिलांना मान्य नव्हतं.

अण्णा कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी सोलापुरात विहाराच्या मागं घर बांधलं. घरात लोखंडी कपाट, लोखंडी पलंग, आणि हॉलमध्ये मरून रंगाचा रेक्झिनचा सोफा. सोफ्यावरचं प्लास्टिक त्यांनी आजतागायत काढू दिलेलं नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात त्या प्लास्टिकवर बसून दाखवावं, मग कळेल शिक्षा म्हणजे काय. मी एकदा ते फाडून काढलं. अण्णांनी दुकानातून नवीन आणून घातलं आणि आईला म्हणाले, "तिला सांग, हे घर हाय. वर्कशॉप न्हाय."

'तिला सांग' हे आमच्या घरातलं नेहमीचं. मी आणि अण्णा एका खोलीत, समोरासमोर, आणि मध्ये आई. त्यांना सांग पाण्याची मोटर बंद करा. तिला सांग सांजच्याला लवकर यायचं. आईला बिचारीला सांगावं पण लागायचं नाही, ती नुसती आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत भाजी निवडायची. एवढं बिनसलं होतं ते पहिल्या दिवसापासून. शेड भाड्यानं घेण्याआधी मी चिलारीच्या फांद्यांचा पहिला टेम्पो घरी आणला होता, अंगणात उतरवायला. अण्णा फाटकाला आतून धरून उभे राहिले. "हे माझ्या दारात उतरायचं न्हाय," म्हणाले. गल्लीतली माणसं बघायला लागली. टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय, मी ओरडतेय, आणि हा माणूस फाटकाची कडी काढत नाही. मला वाटलं, यांना माझी लाज वाटते. मुलीनं ऑफिसात बसावं, गळ्यात ओळखपत्र अडकवावं, आणि ही भुशानं माखून फिरते. त्याच दुपारी रागारागानं मी शेड बघितली आणि तो टेम्पो तिकडे वळवला.

तरी मी त्यांच्यासाठी खुर्ची केली. का केली, याचा मला स्वतःलाच राग येतो, पण केली. त्यांची कंबर गेलेली होती. आयुष्यभर डब्याच्या खाली घुसून, मान वाकडी करून बोल्ट आवळले त्यांनी. सोफ्यात बसले की आत रुतायचे आणि उठताना एक हात भिंतीला, एक हात गुडघ्याला. आईनं हात पुढे केला तर झिडकारायचे. मी खुर्च्या बनवणारी बाई, आणि माझ्या घरात माझ्या बापाला धड उठता येत नाही. हे मला सहन होईना. त्यांनी बसून त्या खुर्चीला एकदा पाठ टेकवावी, एवढंच मला पाहिजे होतं. कौतुक नको होतं. त्यांच्या तोंडून कौतुक निघणं म्हणजे त्या सोफ्याचं प्लास्टिक निघण्यासारखं.

माप घ्यायला ते उभे राहणार नाहीत हे माहीत होतं. दोरीवर वाळत घातलेल्या पायजम्यावरून मी गुडघ्याची उंची घेतली. सदऱ्यावरून पाठीची. कंबरेचा बाक कुठून सुरू होतो ते अण्णा टीव्ही बघत असताना मागून बघून बघून मनात धरलं. त्या बाकाचं दुबेळकं मिळेना. शेडमधल्या फांद्या सगळ्या उपसून झाल्या. शेवटी होटगीकडच्या ओढ्यात सापडलं, पुराच्या पाण्यानं एका बाजूला झुकलेलं झाड होतं, त्याची फांदी बरोबर तेवढी वाकलेली. काढताना हातात काटा मोडला तो डॉक्टरकडे जाऊन काढावा लागला. खुर्ची झाली तेव्हा सुतारचाचा तिच्यावर बसले आणि लगेच उठले. म्हणाले, "मेरे नाप की नै है. जिसकी है उसकू बिठा."

एका सकाळी अण्णा फिरायला गेलेले असताना मी ती हॉलमध्ये ठेवली, टीव्हीसमोर. ते आले, चपला काढल्या, खुर्ची बघितली. मी स्वयंपाकघरात होते. त्यांनी ती उचलली, तसल्या कंबरेनं, आणि फाटकाबाहेर गटारीच्या कडेला नेऊन ठेवली. आत येऊन हात धुतले.

मी बाहेर आले ती आईला मध्ये न घालता. "काय केलंत हे?"

"ह्यो भारा घरात कुनी आनला?"

"भारा नाही, खुर्ची आहे. तुमच्या मापाची."

"चिलार हाय ती."

"मग? विष आहे का?"

ते हात पुसत राहिले, कोरडे झाले तरी. मग म्हणाले, "तुझी आज्जी काय करायची, म्हाईत हाय का तुला?"

मला माहीत होतं, म्हणजे वरवर. आज्जी जळण विकायची, होटगीहून सोलापूरला. घरात एवढंच सांगितलं जायचं आणि पुढे विषय बदलायचा.

"हीच चिलार इकायची," अण्णा म्हणाले. "रुळाच्या कडंची. कोयत्यानं तोडायची, भारा बांदायची आन् डोक्यावर घिऊन गल्ल्यागल्ल्यानं फिरायची. मी संगं असायचो. गिऱ्हाईक दारात यायचं, भाव करायचं. भाव ठरस्तवर भारा डोक्यावरच. का, म्हाईत हाय? खाली टाकला की त्यास्नी कळायचं, ही बाई आता एकटी ह्यो परत उचलू शकत न्हाय. मग निम्म्यात मागायचे. म्हनून ती उबी. कोन आत जाऊन जेवून यायचं, कोन नुसतंच ईतो म्हनून जायचं. ही उन्हात उबी. पायरीवर टेक म्हनून कुनी म्हनलं न्हाय. टेकली आस्ती तर हाकलली आस्ती."

आई कणकेचे हात तसेच धरून दारात उभी होती.

"त्या लाकडावर मी बसू?" अण्णा म्हणाले. "आईच्या डोक्यावरचं माझ्या बुडाखाली घिऊ?"

मला गप्प बसता आलं असतं. पण मी त्यांचीच मुलगी आहे. मी म्हटलं, "म्हणूनच बसा. तिला बसायला मिळालं नाही ना? तुम्ही बसा. त्याच लाकडाला पाठ टेकून बसा, सगळ्यांच्या नाकावर टिच्चून."

"शानपना शिकवू नको मला. तुला शिकवलं ते ह्याच्यासाठी न्हाय."

"मग कशासाठी शिकवलं?"

"लाकडापासनं लांब जायला," ते म्हणाले. "आमी गेलो लांब. तू परत गेलीस."

"ती माझीपण आजी होती."

"तू तिचा भारा उतरला न्हाईस."

मी फाटकाबाहेर गेले. खुर्ची रिक्षात घालून शेडवर नेली. रिक्षावाल्यानं वाटेत विचारलं, कुठं मिळाली ताई, भारी आहे. त्याच्यावरही मी खेकसले. राग अण्णांचा होता, पण त्यांच्या बोलण्यात मला खोट सापडत नव्हती, म्हणून तो जास्तच उसळत होता. आणि मला माझंही चुकलंय असं वाटत नव्हतं. आजही वाटत नाही. ज्या लाकडानं आमच्या बाईची मान मोडली त्याच लाकडाला मी एवढं देखणं केलं, यात तिचा अपमान कुठे आहे, ते मला कुणीतरी समजावून सांगावं.

त्यानंतर प्रदर्शनाचं निघालं. पुण्याहून एक बाई आल्या, मातकट रंगाची हातमागाची साडी, गळ्यात बियांची माळ. सोलापुरात एक हॉल घेऊन त्या 'मातीशी नातं' सांगणाऱ्या वस्तू मांडणार होत्या. शेडमध्ये फिरून प्रत्येक वस्तूवरून हात फिरवत "किती रॉ आहे, किती रॉ आहे," करत होत्या. मी चाचांना सामान आणायला सांगायला बाहेर गेले, तेवढ्यात आई माझा डबा घेऊन आली. पुण्याच्या बाईनं आपुलकीनं चार प्रश्न विचारले. आईला आयुष्यात कुणी आपुलकीनं काही विचारलं नव्हतं. तिनं सगळं सांगितलं. आज्जी, भारा, भाव ठरेपर्यंत उभं राहणं, सगळं.

मी परत आले तर बाई त्या खुर्चीसमोर डोळे पुसत उभ्या होत्या. "हीच मध्यभागी ठेवायची," म्हणाल्या.

"ती विकायची नाही."

"नको विकूस. पण ठेव. काकूंनी मला सांगितलंय सगळं. अगं, तीच तर ताकद आहे या पीसची!"

"ताकद दुबेळक्याची आहे," मी म्हटलं. "आणि ते बाकीचं कुणाला सांगायचं नाही. आमच्या घरातलं आहे."

त्या हसल्या आणि माझ्या खांद्यावर थोपटलं. वाद घालणाऱ्या लहान मुलाला थोपटतात तसं. त्याच क्षणी खुर्ची मागे घ्यायला हवी होती. पण खरं सांगते, ती चांगल्या उजेडात, चार माणसांत मांडलेली मला बघायची होती. घरात तिला गटारीची कडा मिळाली होती.

प्रदर्शनाच्या दिवशी अण्णा येतील असं मला वाटलंच नव्हतं. आईनं आणलं, काय सांगून कोण जाणे. पांढरा इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. वर्कशॉपमध्ये साहेबाकडे काही काम असलं की ते असे तयार होऊन जायचे. माझ्याकडे न बघता ते वस्तू बघत निघाले. मी एका खांबाआड उभी राहून बघत होते. एका बाकापाशी ते थांबले. पाय जिथे बैठकीत घुसवला होता तिथे त्यांनी अंगठा दाबला, मग पाय धरून हलवून बघितला. ढिला आहे का, बघत होते. फिटरचा हात. हलला नाही. त्यांनी परत एकदा, जरा जोरानं हलवला. तरी हलला नाही, तेव्हा त्यांनी मान किंचित हलवली. मला इतका आनंद झाला की मी खांबाआडून एक पाऊल पुढे आले. मला वाटलं आता हा माणूस वळेल आणि आईला तरी सांगेल, तिला सांग, जोड पक्का हाय.

तेवढ्यात हॉलच्या मध्यावरून माईकचा आवाज आला. पुण्याच्या बाई दहा-बारा लोकांना खुर्चीभोवती गोळा करून बोलत होत्या. "या मुलीची आजी याच लाकडाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन दारोदार फिरायची. आणि इमॅजिन करा, भाव ठरेपर्यंत मोळी खाली ठेवायची नाही! तास तास उन्हात उभी! आज तिची नात त्याच लाकडातून ही सुंदर खुर्ची बनवते. हे निसर्गाचं वर्तुळ आहे." कुणीतरी "सो टचिंग" म्हटलं. एक गृहस्थ पायावर पाय टाकून खुर्चीत बसलेच होते. मागे रेलून म्हणाले, "पण कम्फर्टेबल आहे हां."

माझ्या अंगाचा भडका उडाला. मी तिकडे निघाले ते माईक हिसकावून घ्यायलाच. पण आई माझ्या आधी तिथे पोचली होती आणि कौतुकानं अण्णांकडे बोट दाखवून सांगत होती, "हे त्यांचेच चिरंजीव."

"अय्या, काका!" बाई ओरडल्या. "या ना, या! बसा ना. एक फोटो तर हवाच!"

ते गृहस्थ लगबगीनं उठले. लोकांनी वाट करून दिली. दोघं-तिघं टाळ्या वाजवायला लागले. कॅमेरावाला गुडघ्यावर बसला. अण्णा जागचे हलले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं. खुर्ची बाहेर ठेवली त्या सकाळनंतर पहिल्यांदा सरळ माझ्याकडे, आईच्या डोक्यावरून.

मी 'नको' म्हणायला हवं होतं. एक शब्द. त्या बाईंना चार लोकांत फाडून खाण्याइतका राग माझ्यात होता, आणि तो अगदी ओठावर आलेला होता. पण रिकामी खुर्ची समोर होती. ते तिच्यापासून दोन पावलांवर होते. पायजम्यावरून घेतलेलं माप बरोबर आलंय की नाही, दुबेळकं कंबरेत नेमकं बसतंय की नाही, हे आत्ता कळलं नसतं तर कधीच कळलं नसतं.

मी म्हटलं, "बसा की अण्णा."

ते पुढे आले आणि बसले. अगदी कडेला, पाय जुळवून, हात गुडघ्यांवर, पाठ ताठ. दुबेळकं त्यांच्या पाठीमागं वीतभर लांब राहिलं. कॅमेरावाला म्हणाला, "काका, मागे टेका ना. रिलॅक्स." ते टेकले नाहीत. "काका, थोडं हसा." ते समोर बघत राहिले. त्यानं तसेच फोटो काढले. बाईंनी थँक्यू म्हटलं आणि माईक घेऊन पुढच्या टेबलाकडे वळल्या, लोक त्यांच्यामागे गेले. आईही जरा पुढे जाऊन थांबली.

अण्णा तसेच बसून होते. मी जवळ गेले. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि साहेबाशी बोलायचे त्या आवाजात विचारलं, "झालं का मॅडम? उठू का मी?"